पेवातला फिटर

मुरलीधर शास्त्रज्ञ नव्हता. आमच्या गावच्या शाळेत त्याचा फोटो लावला आहे आणि खाली ‘थोर शास्त्रज्ञ’ असं रंगवलं आहे, ते चूक आहे. तो फिटर होता. दरवर्षी कुणी तरी मास्तर त्याच्यावर भाषण करतो की लहानपणी तो रात्र रात्र चांदण्या बघत बसायचा. आमची आणि मुरलीधरच्या घरची भिंत एक. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तो दिवेलागणीला जेवायचा आणि लगेच झोपायचा. आभाळाकडे मान वर करून बघताना मी त्याला कधी पाहिलं नाही. खाली मान घालूनच तो जगला.

त्याला जे यायचं ते एकच. वाकडं दिसायचं. तुम्हाआम्हाला सरळ वाटेल त्यातलं वाकडं त्याला दिसायचं. एकदा माझ्या हातातल्या पाटलीकडे बघून म्हणाला, “आक्का, गोल न्हाई.” मी म्हणलं, “बारा वर्षं घालून राह्यले, मनगटानं कधी तक्रार केली न्हाई.” पण त्याची नजर पाटलीवरच. शेवटी मी हात पदराखाली घेतला.

शंकरच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा मांडवाचा एक खांब कलला होता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मुरलीधरने ओळंबा आणला, दगड आणले, पाचरी ठोकल्या. अक्षता पडल्या तेव्हा तो त्या खांबाला मिठी मारून उभा होता. पंगती उठल्या. सगळ्यात शेवटी तो पत्रावळ घेऊन बसला तर वरण संपलेलं. नुसता भात खाऊन उठला. नवरीने जाताना सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, काकाच्या पाया पडायचं राहून गेलं. त्यालाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. खांब मात्र सरळ उभा होता.

त्याचं स्वतःचं लग्न झालं नाही. एकदा जाफराबादला मुलगी बघायला नेलं होतं. शंकरने परत येऊन सांगितलं ते असं : मुलगी समोर बसली, पोहे झाले, चहा झाला, हा बोलेना. मुलीचा बाप म्हणाला, “काही विचारायचं असंल तर विचारा.” तर हा म्हणाला, “भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागं हाय.” तेवढंच. बाप म्हणाला, “पाहुण्यांना घड्याळ पसंत पडलेलं दिसतंय.” पुढे कुणी त्याला कुठे नेलं नाही आणि त्यानेही कुणाला ने म्हटलं नाही. मागणं हा प्रकारच त्याच्यात नव्हता. मागायचा नाही आणि सांगायचाही नाही.

जालन्याच्या सरकारी शाळेत तो फिटरचं काम शिकला आणि पुण्याकडे एका मोठ्या संस्थेत लागला. तिथे दुर्बिणींची यंत्रं करायचे. पंधरा-सोळा वर्षं तो तिथे होता. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या दोन वर्षांनी त्याच्या आईला लकवा मारला. शंकरची बायको शेतात, शंकर शेतात. मुरलीधर नोकरी टाकून आला. त्याच्या साहेबांनी राजीनामा घेतला नाही. त्यांनी कामच मागोमाग पाठवलं. एका टेम्पोतून दोन लहान यंत्रं आली, लाकडी पेट्या आल्या, आणि ते काम शंकरच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत सुरू झालं.

काम काय, ते त्याने मला एकदाच सांगितलं, तेही मी तीनदा विचारल्यावर. परदेशात एका उंच डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. तिच्यामागे बसवायचं एक यंत्र पुण्यात होत होतं. त्या यंत्राने उजेडाचे पट्टे वेगळे करायचे, म्हणजे चांदणी कशाची बनली आहे, किती लांब आहे ते कळतं. एकेक चांदणी घेत बसलं तर जन्म जाईल, म्हणून एका वेळी चाळीस. त्यासाठी पातळ पत्र्याची पट्टी करायची आणि तिला चाळीस फटी पाडायच्या. प्रत्येक फट एका चांदणीच्या नेमकी समोर. केसाच्या पाचव्या हिश्शाएवढी जरी सरकली तरी उजेड आत जात नाही. त्या पट्ट्या मुरलीधर करत होता. असं हाताने काम करणारा दुसरा त्यांना मिळाला नव्हता.

“आन् हा उजेड आपल्याला दिसतो तो न्हाई,” तो म्हणाला. “तांबड्याच्या पलीकडचा. तापलेल्या वस्तूतून निघतो तसला. म्हणून ते सगळं यंत्र बर्फापेक्षा कितीतरी गार ठेवावं लागतं.”

“आन् माणूस जवळ आला तर?”

“तर यंत्राला माणसाची ऊब दिसंल. चांदणी न्हाई.”

“म्हणूनच तू माणसाजवळ जात न्हाई का रे?”

तो हसला नाही. विचार करून म्हणाला, “ते यंत्राचं हाय.”

आता पेवाचं सांगते. नवीन लोकांना पेव माहीत नाही. जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड लहान, पोट मोठं, आत कडबा लावायचा आणि ज्वारी भरून तोंड लिंपून टाकायचं. आमच्या गावची पांढरी माती चांगली, पाणी उतरत नाही, म्हणून ज्वारी सात-सात वर्षं राहायची. मुरलीधरच्या घराला अशी दोन पेवं होती, शेजारी शेजारी, मधे हातभर मातीची भिंत. दोन्ही कित्येक वर्षं रिकामी होती.

पत्र्याच्या खोलीत फटी पाडता येत होत्या, पण मोजता येत नव्हत्या. उन्हाळ्यात ती खोली भट्टी व्हायची आणि धातू उन्हाने वाढतो. तर मुरलीधरने एक पेव झाडून घेतलं, बुडाला फरशी टाकली, शिडी लावली, वायर सोडून दिवा घेतला आणि मोजायचं यंत्र खाली नेलं. एक वर्षभर त्याने आत तापमापक टांगून ठेवला. रोज वहीत लिहायचा. वैशाख असो की पौष, पेवात एकच आकडा. वर्ष झाल्यावर त्याने तापमापक काढून ठेवला आणि म्हणाला, “पेव बदलत न्हाई.” तेवढं समाधान मी त्याच्या तोंडावर दुसऱ्या कशानं आलेलं पाहिलं नाही.

गाव हसलं. लोक म्हणाले, चांदण्या बघायला माणसं डोंगरावर जातात, हा बहाद्दर जमिनीत गेला.

पेवात एकट्याने उतरायचं नसतं. आतली हवा कधी विषारी होते, माणूस बसल्या जागी जातो. आधी कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आणि खाली माणूस असेपर्यंत वर एक माणूस पाहिजे, त्याने अधूनमधून हाळी द्यायची. वर बसायला कुणाला वेळ होता? शंकरला नव्हता. माझा नवरा गेलेला, लेक आष्टीला दिलेली, मी मोकळी. मी सूप घेऊन पेवाच्या तोंडाशी बसायची, दाणे निवडायची.

“हाय का?” मी ओरडायची.

“हाय,” खालून यायचं.

दिवसातून वीस वेळा. तीन वर्षं आमचं बोलणं बहुतेक इतकंच झालं. त्या काळात त्याची आई वारली. दहावं-तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तो परत पेवात. पुण्याला जाता आलं असतं. मी म्हणलं, “आता कशाला बसला हितं?” तो म्हणाला, “एवढं एकसारखं ठिकाण तिथंबी न्हाई.”

मंग पुण्याहून साहेबांचा कागद आला. यंत्र पुरं होत आलं होतं. ते घेऊन पाच माणसं त्या डोंगरावर जाणार होती आणि पाचात मुरलीधरचं नाव होतं. पट्ट्या बसवायला ज्याने केल्या तोच पाहिजे, असं साहेबांनी लिहिलं होतं. आतापर्यंत त्याने कितीतरी यंत्रांचे भाग केले होते, पण ते कुठे बसतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. साहेब लोक जायचे, फोटो घेऊन यायचे. मुरलीधर फोटोत आपला भाग शोधायचा आणि तो कुठल्या तरी झाकणाआड असायचा.

त्याने कागद मला वाचून दाखवला. कधी काही न सांगणारा माणूस. दोनदा वाचून दाखवला. पासपोर्टासाठी जालन्याला तीन चकरा मारल्या. न्हाव्याकडे जाऊन मिशी कापून आला आणि फोटोत बरी दिसली असती म्हणून हळहळला. म्हणजे जायची ओढ किती होती ते समजा.

फाल्गुन-चैत्रात त्याने शेवटच्या पट्ट्या केल्या. सकाळी उतरायचा, उन्हं कलल्यावर वर यायचा. त्याच दिवसांत शंकरची ज्वारी खळ्यावर होती आणि अवकाळी पाऊस आला. बाजारात भाव नव्हता, घरात जागा नव्हती. शंकरने ज्वारी वरवर वाळवली आणि दुसरं पेव भरून टाकलं. मी स्वतः भरायला होते. दाणा पुरता वाळला नव्हता. ओला दाणा पेवात घातला की तो आतून तापतो, हे आमच्या पोरांनाही माहीत आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तोंडाशी हात घातला तर ऊन लागलं. शंकरला सांगितलं. तो म्हणाला, “आमोशा झाली की काढू.” मुरलीधरला मी सांगितलं नाही. ज्वारी त्याची नव्हती. त्याला ज्वारीतलं काही विचारायचं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पट्ट्या पुण्याला गेल्या. पास झाल्याचं कळलं. पेटीत भरून यंत्रासोबत ठेवल्या. जायला पंधरा-वीस दिवस राहिले होते. तो पेव झाडायला म्हणून खाली उतरत होता आणि मी सहज म्हणलं, “शंकरला जरा दटाव. ती ज्वारी पार तापलीय, काळी पडंल.”

तो शिडीवर अर्ध्यात थांबला.

“कुठली ज्वारी?”

“ही काय, शेजारची.”

“कधीपास्नं?”

“भरली तव्हापास्नं. महिना व्हत आला.”

तो वर आला, घरात गेला, तापमापक घेऊन आला आणि खाली उतरला. मी वरून बघत होते. त्याने मधल्या भिंतीला तळहात लावला. तसाच उभा राहिला. मी दाणे निवडत बसले. थोड्या वेळाने विचारलं, “हाय का?”

उत्तर आलं नाही.

मी परत ओरडले. नाही. मी कंदील पेटवून दोरीने सोडला. ज्योत चांगली जळत होती. त्या उजेडात तो फरशीवर मांडी घालून बसलेला दिसला, तापमापक मांडीवर.

“अरे, तोंडानं बोल की मेल्या.”

“साडेचार अंश जास्त,” तो म्हणाला.

वर आल्यावर त्याने सांगितलं. धातूची पट्टी आणि पोलादी माप दोन्ही तापतात, पण सारखी वाढत नाहीत. म्हणजे त्या तापलेल्या पेवात त्याने मोजलं तेव्हा मधल्या फटी बरोबर आल्या आणि कडेच्या सरकल्या. केसाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या. तेवढ्यालाच मनाई होती.

मी विचारलं, “पुण्यात मोजल्या ना? पास केल्या ना?”

“मधल्या दहा मोजल्या. बाकीच्या माझ्या भरवशावर सोडल्या.”

“मंग गप बस. जाऊन ये. तिकडं गेल्यावर कुणाला कळायचं? चाळीसातल्या दहाबारा चांदण्या न्हाई दिसल्या तर काय आभाळ पडंल का?”

हे मी म्हणलं. लपवत नाही. मला वाटलं, या माणसाने जन्मात एक गोष्ट मनात धरली आहे, ती त्याला मिळू दे. अजूनही मला ते चूक वाटत नाही.

दोन दिवस तो पत्र्याच्या खोलीत हत्यारं पुसत बसला. शंकर दारातून म्हणून गेला, “जायच्या आधी मळ्याची मोटर बघून जा.” त्याला काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी बाजाराला वडीगोद्रीला निघाले तर हा सोबत आला. हायवेवर फोनची टपरी होती. तो आत गेला, मी बाहेर पिशव्या धरून. रस्त्याने ट्रक चालले होते, त्याला ओरडून बोलावं लागत होतं. ज्या माणसाचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता, तो त्या टपरीत ओरडत होता, “चूक माझी हाय साहेब. न्हाई, तुमची न्हाई. मी माप तापवलं. कडंच्या सगळ्या. हो. बिलकुल खात्री हाय.” चहावाला, दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले. मंग तो बराच वेळ ऐकत राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काय म्हणले?”

“नवीन कर म्हणले.”

“रागावले?”

“न्हाई. बरं झालं सांगितलं म्हणले.”

“आन् तुझं जायचं?”

“यंत्र ठरल्या दिवशी निघतंय. पट्ट्या मागून विमानानं पाठवायच्या.”

“म्हंजे तू?”

“मी पट्ट्या करायच्या, आक्का. मीच गेलो तर करणार कोण?”

त्याने माझ्या हातातली एक पिशवी घेतली आणि चालायला लागला. सबंध रस्ता एवढंच म्हणाला, “तो उजेड किती लांबून येतो, ठाऊक हाय का? माणूस नव्हता तव्हाचा निघालेला असतो. एवढ्या लांबून यायचं आन् फट सरकलेली.”

ज्वारी काढायची म्हटल्यावर शंकरने आकांडतांडव केलं. “माझी ज्वारी तुझ्या चांदण्यांच्या आड आली का?” म्हणाला. ज्वारी तशीही काढावीच लागणार होती, पण भावाच्या कामासाठी काढायची हे त्याला झोंबलं. शेवटी मी, शंकरची बायको आणि मुरलीधर, तिघांनी चार दिवसांत पेव उपसलं. तळची ज्वारी काळी झाली होती, जनावरांनीही तोंड लावलं नाही. मुरलीधर आपल्या दोन हातांनी ती उकिरड्यावर टाकत होता. भावाला तो एका शब्दाने बोलला नाही. मलाही नाही. मी म्हणलं, “मला शिव्या तरी दे.” तो म्हणाला, “तुला कुठं ठाऊक व्हतं?”

ते खरं नव्हतं. ज्वारी तापली हे मला ठाऊक होतं. त्याचं यंत्र उबेला भितं हेही त्याने सांगितलं होतं. मी दोन्ही जोडलं नाही. पण वर तीन वर्षं बसलेल्या बाईला, खाली आपल्याला कशाची भीती आहे, हे त्यानेही कधी सांगितलं नाही. निम्मी चूक माझी, निम्मी त्याची. एवढा हिशेब करून मी मोकळी झाले.

पेव थंड व्हायला पावसाळा उजाडला. तोवर तो रोज उतरायचा, तापमापक बघायचा आणि वर यायचा. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाकीचे चौघे यंत्र घेऊन केव्हाच गेले होते. त्याच्या जागी पुण्यातलाच एक जण गेला, असं कळलं. श्रावणात त्याने चाळीस फटींची पहिली पट्टी पुरी केली, मग बाकीच्या. दर वेळी मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. दसऱ्याच्या आधी संस्थेची जीप आली. आलेल्या माणसाने पेटी घेतली, सही घेतली, चहाही घेतला नाही, त्याला अंधाराच्या आत पुणं गाठायचं होतं.

पुढच्या वैशाखात मी आष्टीला लेकीकडे कायमची राहायला आले आणि त्याच वर्षी थंडीत मुरलीधर न्यूमोनियाने गेला. मला पाच दिवसांनी कळलं. म्हणून त्याला शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या दिवशी, आणि सांगायचं राहिलं आहे ते तेवढंच.

दुपारचे बारा वाजले असतील. मी मळ्यातून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन येत होते. ऊन असं की पायाखालची वाट दिसत नव्हती. बांधावरच्या बाभळीखाली मुरलीधर बसलेला. अंगात जाड लोकरीचा कोट. परदेशी जायचं ठरलं तेव्हा त्याने तो जालन्याला शिंप्याकडून शिवून घेतला होता आणि मी तो पहिल्यांदाच बघत होते. चेहऱ्यावरून घामाच्या धारा चाललेल्या. हातात मनगटी घड्याळ.

मी म्हणलं, “काय करून राह्यला रे? उन्हात मरायचंय का?”

“आज तिकडं पट्ट्या लावून पहिल्यांदा उघडणार हायेत,” तो म्हणाला. “साहेबांचं पत्र आल्तं. आत्ता तिकडं रात्र पडली.”

“मंग कोट कशाला?”

“डोंगरावर लई थंडी असते आक्का.”

डोक्यावर ओझं होतं, मला थांबता येत नव्हतं. चार पावलं गेल्यावर मी मान वळवून बघितलं. त्याने घड्याळ खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी तो कोटाची गळ्याजवळची गुंडी लावत होता.